विसरलं कोण?

'विस्मृत कलावंत' असा मथळा दिसला की मला आधी एक प्रश्न पडतो. विसरलं कोण? ज्या घरात तो कलावंत जेवला, ज्या वस्तीत गायला, ती माणसं तर विसरलेली नसतात. पण त्यांना विचारायला कोणी गेलेलं नसतं. पॅरामाउंट या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ब्लूज कलावंतांचा शोध कसा लागला हे वाचताना मला हाच प्रश्न सतत छळत राहिला.

या पॅरामाउंटचा सिनेमावाल्या पॅरामाउंटशी काही संबंध नाही. विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनवणारी एक कंपनी होती. ती फोनोग्राफची लाकडी कपाटंही बनवायची. यंत्र खपायचं तर तबकड्या हव्यात, म्हणून 1917च्या सुमारास तिने तबकड्या काढायला सुरुवात केली. 1922मध्ये कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी तिने वेगळी मालिका काढली. अशा तबकड्यांना तेव्हा 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. गावकुसाबाहेर वस्ती असते तसा हा बाजाराबाहेरचा बाजार होता. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात जाहिरात यायची आणि तबकडी टपालाने घरी पोचायची.

मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स हे सगळे पॅरामाउंटसाठी गायले. आज ब्लूजचा इतिहास या नावांशिवाय लिहिता येत नाही. कंपनीला मात्र हा खुर्च्यांच्या धंद्याचा जोडधंदा होता. मंदी आली आणि 1932मध्ये ध्वनिमुद्रण थांबलं. तबकड्यांचे धातूचे साचे भंगारात गेले. बहुतेक कागदपत्रं टिकली नाहीत. आपली कबर स्वच्छ ठेवा अशी विनवणी करणारं गाणं लेमन जेफरसनने गायलं होतं. तो 1929मध्ये वारला, आणि टेक्सासमधल्या त्याच्या दफनभूमीत त्याच्या नावाची खूण उभी राहायला 1967 साल उजाडलं.

पुढे 1960च्या दशकात शोध सुरू झाला. शोधणारे बहुतेक गोरे तरुण होते. गेल डीन वॉर्डलो मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये दारोदार फिरून जुन्या तबकड्या विचारायचा. पॅटनसारख्या गायकांचे मृत्यूचे दाखले त्याने शोधून काढले. 1964मध्ये स्किप जेम्स मिसिसिपीतल्या एका रुग्णालयात सापडला, सन हाउस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. ही मेहनत खोटी नव्हती. ती झाली नसती तर आज आपल्याला काहीच कळलं नसतं, हे मान्य करायला हवं.

पण त्यातलीच एक गोष्ट मला झोपू देत नाही.

1930मध्ये पॅरामाउंटच्या ग्राफ्टन इथल्या स्टुडिओत दोन स्त्रिया गायल्या. तबकडीवर नावं छापली गेली गीशी वायली आणि एल्व्ही थॉमस. दोघींची मिळून सहा गाणी उरली आहेत. त्यांच्या मूळ तबकड्या इतक्या दुर्मीळ आहेत की संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. या दोघी कोण, कुठल्या, हे अनेक दशकं जाणकारांनाही माहीत नव्हतं. सगळे त्यांना 'गूढ' म्हणत राहिले.

प्रत्यक्षात दुसऱ्या बाईचं नाव एल्व्ही नव्हतंच. ती एल. व्ही. थॉमस. आद्याक्षरं ऐकून कंपनीने त्यांचं नाव करून टाकलं. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलेलं नाव आयुष्यभर वागवणारी माणसं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही बाई हरवलेली नव्हती. ती ह्यूस्टनमध्ये राहत होती, चर्चमध्ये जात होती, शेजाऱ्यांना माहीत होती. मॅक मॅकॉर्मिक नावाच्या संशोधकाने 1961मध्ये तिची मुलाखत घेतली होती. ती मुलाखत त्याच्या घरातल्या प्रचंड संग्रहात पडून राहिली. 2014मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक मासिकात दीर्घ लेख आला, तेव्हा कुठे जगाला ती कळली. एल. व्ही. 1979मध्ये वारली होती. म्हणजे मुलाखतीनंतर ती अठरा वर्षं जगली. त्या अठरा वर्षांत कोणीही तिच्या दारात जाऊन आणखी चार प्रश्न विचारू शकलं असतं. पण तिचा पत्ता ज्याच्याकडे होता, त्याच्या दृष्टीने ती त्याची मिळकत झाली होती.

म्हणून मी म्हणते, जमवणं म्हणजे दस्तऐवजीकरण नव्हे. ज्यांची माहिती आहे त्यांच्यापर्यंत ती परत पोचत नसेल, तर ती फक्त मालकी असते.

मग आपल्यातल्या शिकलेल्यांनी हे काम केलं की प्रश्न सुटतो का? पॅरामाउंटमध्येच याचं उत्तर आहे. तिथे कलावंत निवडण्याचं काम जे. मेयो विल्यम्स करायचा. तो स्वतः कृष्णवर्णीय, ब्राउन विद्यापीठाचा पदवीधर. त्याच्या कानामुळेच मा रेनी, लेमन जेफरसन यांचा आवाज आज उरला आहे. पण गाण्यांचे हक्क नोंदवणारी कंपनीही तोच चालवायचा. गाणाऱ्याला बहुधा ठरावीक रक्कम मिळायची, हक्क दुसरीकडे जायचे. पहिल्या पिढीच्या पदवीधराने हे नाव लक्षात ठेवावं. पदवी आपल्याला कंपनी आणि वस्ती यांच्या मधल्या खुर्चीवर बसवते. तिथे बसून कोणाचा हिशेब ठेवायचा, हे आपल्याला ठरवावं लागतं.

बाबासाहेबांनी 1946मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोन लढ्यांमधला तो धागा आपण अभिमानाने सांगतो. पण ते पत्र आज कोणालाही वाचता येतं, कारण ड्यू बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जपले आणि सगळ्यांसाठी खुले केले. आपल्याकडेही भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं. ते स्वतः जलसाकार होते, म्हणून त्यात बाहेरच्याला न दिसणाऱ्या गोष्टी आल्या. असं काम वाटसरूची वाट बघत नाही.

माझे आजोबा एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. घरात तिच्या दोन कॅसेट आहेत. मुखपृष्ठावर गायकाचं नाव आणि खाली 'आणि पार्टी'. आजोबा त्या 'पार्टी'त आहेत. कोरसला कोण होतं, गाणी कोणी रचली, जयंतीला किती गावं व्हायची, बिदागी किती मिळायची, हे फक्त आजीला ठाऊक आहे. ती ऐंशीच्या पुढे आहे. मी एम.ए. होईपर्यंत तिला यातलं काहीही विचारलं नव्हतं. दुसऱ्यांच्या विस्मृत कलावंतांवर मात्र टिपणं काढत होते.

गेल्या महिन्यात मोबाइल समोर ठेवून बसले. ती आधी म्हणाली, "त्यात काय सांगायचं?" मग दोन तास बोलली. सात नावं मिळाली. प्रत्येक नाव मी तिला परत वाचून दाखवलं, तिने त्यातली दोन दुरुस्त केली. ध्वनिमुद्रणाची प्रत त्या सातही घरांत द्यायची ठरवली आहे; चार घरं सापडली, तीन शोधते आहे.

तुमच्या घरातही अशी एखादी कॅसेट, वही, फोटो असेल. पीएच.डी.ची वाट बघू नका. आज संध्याकाळी फोन लावा, नाव विचारा आणि लिहिलेलं नाव परत वाचून दाखवा.