निरोगी माणसाने टीबीची गोळी घ्यावी का?

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे मिळतात, त्या नाशिकच्या द्वारका चौकाभोवती दाट वस्ती आहे. अशा वस्तीत एखाद्या घरात टीबीचा रुग्ण सापडला, की घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी होते. आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या सुचवल्या जातात. ‘मला काही झालेलंच नाही, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न तिथेच येतो, आणि तो रास्त आहे. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्केच जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. शिवाय या गोळ्यांतल्या आयसोनियाझिड या औषधाने काहींच्या यकृताला त्रास होतो.

पण ‘काही झालेलं नाही’ म्हणजे आत काही नाही, असे नव्हे. फुप्फुसात शिरलेल्या जंतूला भक्षक पेशी गिळते. एरवी गिळलेल्या जंतूची पिशवी पाचक रसांच्या पिशवीला जोडली जाते आणि जंतू मरतो. टीबीचा जंतू हे जोडणेच रोखतो. संसर्ग झालेली पेशी स्वतःला शिस्तीत संपवू शकते. तिचे बंदिस्त तुकडे शेजारच्या पेशी गिळतात आणि त्यात पुष्कळ जंतूही मरतात. म्हणून जंतू हे मरण लांबवतो, जिवंत पेशीत वाढतो आणि संख्या पुरेशी झाली की तिला फोडून बाहेर पडतो.

मग पेशीलाच बळ देणारे औषध का देऊ नये? संशोधक ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्रा माशांवर केलेल्या २०१२च्या संशोधनात दाह घडवणारा टीएनएफ हा रेणू कमी पडला तरी जंतूंचे फावले, आणि जास्त झाला तरी भक्षक पेशी फुटल्या. एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारक ठरू शकते. हा मार्ग आशेचा आहे, पण त्यासाठी आजची गोळी थांबवू नये.

माझा कौल गोळीच्या बाजूने आहे. पाच वर्षांखालील मुले आणि एचआयव्हीग्रस्त यांच्या बाबतीत तर टाळाटाळ नकोच. मात्र आधी नुसता संसर्गच आहे, प्रत्यक्ष टीबीचा आजार नाही ना, याची खात्री हवी. नाहीतर एकट्या औषधाने जंतू चिवट होतात. यकृताचे दुखणे आणि दारू यांची चौकशीही हवी. नकार देणाऱ्या धडधाकट माणसाला दटावू नये. खोकला, ताप, घटते वजन यांसाठी त्याला दोन वर्षे पुन्हा पुन्हा तपासायला बोलवावे. संसर्गानंतर आजार उफाळण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो.