पेठेचे जुने नाव

जालना–भोकरदन रस्त्यावरील राजूर लोकांच्या तोंडी ‘राजूर गणपती’ म्हणूनच ओळखले जाते. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून पायी निघालेल्या भाविकांची येथे रीघ लागते आणि राजुरेश्वराच्या वाटेवरील दुकानदारांना मान वर करण्याची फुरसत राहत नाही. बाजारपेठेचा कस मात्र एरवीच्या दिवसांत लागतो. जुन्या पेठेचे रूप पालटावे, तिला मूळ नाव परत मिळावे, अशी चर्चा अनेक गावांत निघते. तेव्हा आधी नाव की आधी रस्ता, याचा हिशेब व्यापाऱ्याने मांडला पाहिजे.

मुंबईतील काळा घोडा पाहावा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला प्रिन्स ऑफ वेल्स यांचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवला गेला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोडा गेला, नाव राहिले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने त्याच नावावर कलामहोत्सव उभा केला आणि २०१७ मध्ये स्वाराविना एक घोडा त्या परिसरात परत आला. पेढीवर पणजोबांचे नाव का जपतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

जवळच्याच दादाभाई नौरोजी मार्गाची, म्हणजे पूर्वीच्या हॉर्नबी रोडची, कथा अधिक कामाची. १८९६ च्या नियमानुसार येथील इमारतींना तळमजल्यावर सलग कमानदार पडवी ठेवावी लागली. इमारत ज्याची त्याची, पण चालणाऱ्याच्या डोक्यावरची सावली सर्वांची. पुढे या कमानी पाट्यांखाली झाकल्या गेल्या. प्रत्येकाला पाटी शेजाऱ्यापेक्षा मोठी हवी, मग कोणाचीच धड दिसेना. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी पाट्यांचा आकार व जागा ठरवणारा आराखडा केला. दुकानदारांनी जुन्या पाट्या उतरवून कमानीत बसतील अशा लावल्या, रस्त्यासाठी संघटना केली. २००४ मध्ये युनेस्कोने या कामाचा गौरव केला. हॉर्नबी हे नाव काही परत आले नाही, आणि त्यावाचून अडलेही नाही.

राजूरला मुंबईच्या कमानींची गरज नाही. दुकानापुढचा पत्रा किती पुढे यावा, पाटी किती उंच असावी, गटारावरचा ओटा किती मागे घ्यावा, पायी आलेल्या वृद्धाला टेकायला बाकडे कोणाच्या दारात ठेवावे, एवढे एकत्र बसून ठरले तरी पुष्कळ. खर्च फारसा नाही. जड जाते ते दोन हात जागा सोडणे. ज्याचे दुकान सर्वांत मोठे, त्याने पहिला पत्रा मागे घ्यावा.

नावाचा ठराव ग्रामसभेपुढे त्यानंतर न्यावा. नावे जिभेवर झिजतात; प्राचीन भोगवर्धनाचे भोकरदन झाले ते याच तालुक्यात. म्हणून केवळ आठवणींवर विसंबू नये. जुन्या चोपड्या, आडतीच्या पावत्या आणि खरेदीखते काढून त्यांत पेठेचा पत्ता कसा लिहिला आहे ते पाहावे. निजामकाळातील कागद उर्दूत किंवा मोडीत असतील, तर वाचणारा जाणकार आधी गाठावा लागेल.