दिसणारा व्रण आणि न दिसणारा

स्तनवर्धन शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत ‘व्रण दिसणारही नाही’ असे आश्वासन सर्रास असते. प्रत्यक्षात व्रणाशिवाय शस्त्रक्रिया नाही. सुरुवातीला तो लालसर, टणक असतो. मऊ आणि फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दोन-तीन महिने नियमित वापरणे आणि व्रण उन्हापासून जपणे, एवढे बहुतेकींना पुरते. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या तेलाचा फायदा सिद्ध झालेला नाही. काहींना त्याने पुरळ मात्र येते. सावळ्या त्वचेत केलॉइडचा धोका अधिक. व्रण मूळ जखमेबाहेर पसरू लागला, खाजू लागला तर मलमे बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा व्रण आत असतो. इम्प्लांटभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. ते आवळले तर स्तन कडक होतो, दुखतो. याच आवरणात होणाऱ्या लिम्फोमामुळे जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सूचनेवरून ॲलर्गनने खरखरीत पृष्ठभागाची ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने आवरणातील इतर कर्करोगांबद्दलही सावध केले.

हे आजार दुर्मीळ आहेत. लक्षणे नसतील तर केवळ भीतीपोटी इम्प्लांट काढण्याची गरज नाही. मात्र काही वर्षांनीही एका बाजूला सूज, गाठ किंवा दुखणे जाणवले तर तपासणी टाळू नये. इम्प्लांटची कंपनी, प्रकार व क्रमांक असलेले कार्ड रुग्णालयातून मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. वरचा व्रण फिकटला, म्हणजे देखरेख संपली असे नव्हे.