किनारा सांभाळणे हे आरोग्याचेही काम

पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराच्या वाऱ्याची साथ मिळाली की सातपाटीत समुद्राचे पाणी घरांत शिरते. बंधाऱ्याचे दगड खचतात, पंचनामे होतात, दुरुस्तीचे आश्वासन मिळते. शिरगाव, केळवे येथे सुरूची झाडे मुळांसकट आडवी होतात. सरकारदरबारी हे नुकसान मालमत्तेच्या रकान्यात जाते. रुग्णालयात त्याचा दुसरा भाग काही दिवसांनी येतो.

उधाणाचे पाणी गटारे आणि शौचालयांच्या टाक्यांतील घाण घेऊन विहिरींपर्यंत पोहोचते. त्यातून जुलाब, विषमज्वर, कावीळ पसरते. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असेल आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याचा ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी येतो. म्हणून पुराच्या पाण्यातून चालणे झाले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खारे झालेले भूजल हे संकट मात्र सावकाश येते. पाणी उकळल्याने किंवा क्लोरिन टाकल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. बांगलादेशात खुलना भागातील किनारी गावांच्या अभ्यासात पिण्याच्या पाण्यातील खारेपणाचा संबंध गरोदर स्त्रियांच्या वाढलेल्या रक्तदाबाशी आढळला आहे. आपल्या किनारी गावांनी हे गांभीर्याने घ्यायला हवे.

मग उपाय काय? नुसती भिंत नव्हे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि नंतर शांत समुद्र ती बरीचशी परत आणतो. धरणांमागे गाळ अडला, खाडीतून वाळू उपसली, किनाऱ्यालगत बांधकामे झाली, की हा हिशेब तुटीत जातो. भिंत मागच्या घरांना वाचवते, पण तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटा पायथ्याची आणि दोन्ही टोकांकडची वाळू खातात. सातपाटीला भक्कम बंधारा हवाच. पण शेजारच्या किनाऱ्याचे काय होईल, याचा अभ्यास करून तो बांधावा.

जिथे वस्ती पाण्याला भिडलेली नाही, तिथे वाळूच्या टेकड्या, मर्यादवेल आणि तिवरे हेच स्वस्त संरक्षण आहे. तिवरांची कत्तल हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तरीही भराव पडतात आणि वाळूवर गाड्या धावतात. भरती-ओहोटीमधला पट्टा कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो. तो सर्वांचा आहे, म्हणून कोणाचाच नाही असे समजले जाते.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तेथे दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक भिंत प्रस्तावित आहे. डहाणूपासून सातपाटीपर्यंत किनारारेषेची मोजणी दरवर्षी व्हावी आणि तिचे नकाशे प्रत्येक ग्रामपंचायतीत लावले जावेत. आधीची स्थिती नोंदलेली नसेल, तर नंतर झालेले नुकसान सिद्ध कसे करणार?

उधाणाच्या तारखा आणि भरतीची उंची वेळापत्रकात आधीच छापलेली असते. त्यानुसार गरोदर महिला, वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची यादी मे महिन्यातच तयार हवी. पाणी ओसरताच विहिरींतील जंतूंबरोबर क्षारही तपासावेत. जिल्हा परिषद, महाराष्ट्र सागरी मंडळ, वनविभाग आणि आरोग्य विभाग यांनी पंचनाम्याच्या वेळी भेटण्यापेक्षा पावसाळ्याआधी एका टेबलाशी बसावे. लस साथ येण्याआधी टोचतात. किनाऱ्याचेही तसेच आहे.