धुळेकरांनो, तोंड उघडा, दंड पुढे करा

वाचणं क्षणभर थांबवा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवा, तोंड पूर्ण उघडा आणि ही तीन बोटं वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी मावतात का ते पाहा. मावली तर पुढे वाचा. अडकली आणि तुम्ही सुपारी, गुटखा किंवा तंबाखू खात असाल, तर हा कागद खिशात घाला आणि आजच डॉक्टरांना तोंड दाखवा. गालाच्या आतली त्वचा आखडत चालल्याची ती खूण असू शकते आणि पुढे तिथेच कॅन्सर धरू शकतो.

आता दुसरा प्रश्न. दंडाला पट्टा बांधून बीपी शेवटचं कधी मोजलं होतं? आठवावं लागत असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठीच आहे.

तोंड आणि दंड यांची एकत्र चौकशी कशाला, असं कुणी विचारेल. हृदयासाठी वेगळा डॉक्टर, कॅन्सरसाठी वेगळा, फाइलीही वेगळ्या, अशी आपल्याला सवय आहे. शरीराला मात्र ही वाटणी ठाऊक नाही.

पाचकंदीलच्या टपरीवर, मार्केट यार्डात, एसटी स्टँडवर रोज दिसणारी गोष्ट घ्या. तळहातावर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याने मळायचं, दोन थापा मारून भुकटी उडवायची आणि ओठाआड बार भरायचा. बार जिथे टेकतो तिथे नायट्रोसामाइन नावाची कॅन्सर घडवणारी रसायनं मुरत राहतात. त्याच वेळी निकोटिन रक्तात उतरतं. नाडी धावू लागते, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. चिमूट एकच, पण तिचा मार बसतो दोन ठिकाणी.

‘मी विडी-सिगारेट ओढत नाही, नुसती पुडी खातो,’ हे आपल्याकडचं लाडकं समर्थन. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के होते. म्हणजे आपलं खरं दुखणं पुडीत आणि मिसरीच्या डबीत आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे एकमेकांना भेटतात, त्या आपल्या शहरात पुडी मिळते की नाही, हे मात्र कुणी कुणाला सांगायला नको.

हृदय जपण्याचा आणि कॅन्सर टाळण्याचा संबंध अमेरिकेत मोजला गेला. 13,253 लोकांवर बरीच वर्षं नजर ठेवून 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. धूम्रपान, वजन, व्यायाम, आहार, बीपी, कोलेस्टेरॉल आणि साखर या हृदयाच्या सात गोष्टींपैकी सहा-सात ज्यांनी सांभाळल्या होत्या, त्यांना एकही न सांभाळणाऱ्यांच्या तुलनेत कॅन्सरचा धोका 51 टक्क्यांनी कमी दिसला. हिशेबातून धूम्रपान वगळून पाहिलं, तर उरलेल्यांपैकी पाच-सहा गोष्टी सांभाळणाऱ्यांचा फायदा 25 टक्क्यांवर आला. तंबाखूचं वजन किती, ते यावरून कळतं. आणि तंबाखूला कधीच न शिवलेल्यांनीही निश्चिंत बसू नये, हेही कळतं.

कारण दुसरं मूळ पोटाच्या घेरात आहे. वाढलेली चरबी शरीरात राखेखालच्या विस्तवासारखा मंद दाह धुमसत ठेवते आणि इन्सुलिन वाढवते. त्याने रक्तवाहिन्या खराब होतात, तसंच पेशींना नको तितकं वाढायला खतपाणी मिळतं. पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर यांचं लठ्ठपणाशी नातं आहे. हृदयविकार झाला म्हणजे कॅन्सर होणारच, असा याचा अर्थ मुळीच काढू नका. दोन झाडं वेगळी आहेत, पण त्यांना पाणी एकाच पाटाचं मिळतं.

हे आपल्या सरकारी यंत्रणेलाही माहीत आहे. आशाताई घरी येऊन जो तपासणीचा कागद भरतात, तो कधी नीट पाहिलात? तंबाखू, दारू, कमरेचा घेर, आठवड्याचा व्यायाम, घरातला बीपी-शुगर-हृदयविकार हे सगळं त्यात विचारलेलं असतं. खाली तोंडातला बरा न होणारा व्रण आणि स्तनातली गाठही विचारलेली असते. आणि आपण काय करतो? ‘माले काय व्हस?’ म्हणत ताईंना दारातूनच परत पाठवतो.

म्हणून पुढच्या आठ दिवसांसाठी ही कळकळीची विनंती.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, धुळे, तालुका कोणताही असो. बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी तिथे मोफत होते. महिलांनी स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणीही मागून घ्यावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर हा आठवडाही चुकवू नका.

तंबाखू-मिसरी वापरणाऱ्यांनी सोडण्याची तारीख आजच ठरवावी. एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर फोन करावा. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका निम्मा व्हायला सुमारे दहा वर्षं लागतात. जो आज सोडेल, त्याचीच ही वर्षं आजपासून मोजली जातील.

‘बरं वाटतंय’ म्हणून बीपीची गोळी बंद केलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गोळीमुळेच बरं वाटत होतं. आणि शेवभाजीच्या तर्रीवर, पापड-लोणच्यावर जरा हात आखडावा. कळण्याची भाकरी आपलीच आहे, ती ताटात परत आणावी.

कॅन्सरवर उपचार चालू असलेल्यांनी किंवा झालेल्यांनी आपलं हृदय विसरू नये. काही केमोची औषधं आणि छातीवरचा, विशेषतः डाव्या बाजूचा, रेडिएशनचा शेक हृदयाला त्रास देऊ शकतो, कधी कधी बऱ्याच वर्षांनीसुद्धा. जुना हृदयविकार, बीपी, शुगर हे डॉक्टरांना आधीच सांगा आणि इको कधी करायचा ते विचारा. भीतीपोटी उपचार मात्र सोडू नका.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ‘गॅस झाला’ म्हणत सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा.

पैशांचं काय, ही काळजी खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे आणि कॅन्सरचे, दोन्ही प्रकारचे अनेक उपचार बसतात. 2 जुलै 2012 रोजी ही योजना जुन्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. इतक्या वर्षांनी तरी आपल्याला तिची वाट ठाऊक हवी. माहितीसाठी 155388.

गणेश मंडळं, ग्रामपंचायती, बाजार समित्या, शाळा यांनी एक सकाळ द्यावी. मंडप आणि खुर्च्या तुमच्याकडे आहेत, आरोग्य केंद्राला एक पत्र द्या, माणसं आणण्याचं काम तुम्ही करा.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की आपल्याला काही होत नाही, त्यांनी तरी नक्की जावं. तोंड उघडावं, दंड पुढे करावा आणि ‘काही झालेलं नाही’ एवढंच कागदावर लिहून आणावं. तो कागद घरच्यांच्या हातात द्या. त्या रात्री तेही निवांत झोपतील.