नोटीस निघाली, पण पोहोचली का?



खोपटच्या एसटी स्टँडवर उतरून कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा आहे. त्याचे मूळ १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यात. १९२७ च्या वन कायद्याखाली पूर्वी कधी नोटीस निघाली होती, एवढ्यावर सरकार जमिनीचे मालक झाले.

३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज खटल्यात हे खोडून काढले. नोटीस नुसती काढून भागत नाही. ती मालकावर बजावली पाहिजे, त्याची हरकत ऐकली पाहिजे.

१९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला. उरले कलम ३००अ : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही. पण हे कलम भांडणाऱ्यालाच पावते. कारखानदार, बिल्डर कोर्टात गेले. आमचा शेरा आपोआप पुसला जात नाही.

आमची मागणी सरळ आहे. शेरा सरकारने मारला, तर नोटीस बजावल्याचा पुरावाही सरकारनेच दाखवावा. जिल्हा बैठकीला येताना सातबारा आणि फेरफाराचा उतारा आणा. अर्ज एकेकट्याचा नको, गावाचा करू.