यादी पूर्ण, समिती खुली: अमरावती-अकोल्याच्या वास्तुवारशाचा जाहीरनामा

आम्ही अमरावती आणि अकोला या दोन शहरांचे रहिवासी आहोत. शिक्षक, गवंडी, सुतार, वकील, वास्तुविशारद, दुकानदार, विद्यार्थी आणि जुन्या वाड्यांचे मालक व भाडेकरू म्हणून आम्ही आजपासून एक चळवळ सुरू करत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: शहरातील ऐतिहासिक वास्तूंची यादी पूर्ण झाली पाहिजे, आणि त्या वास्तूंवर देखरेख करणारी वारसा समिती लोकांसमोर बसून काम करणारी असली पाहिजे. या दोन गोष्टी झाल्या तर पुढच्या बहुतेक गोष्टींना वाट मिळेल. त्या झाल्या नाहीत, तर वारसा सप्ताहातले फेरफटके आणि भाषणे एकाही वास्तूला वाचवू शकणार नाहीत.

आमच्याकडे काय आहे

पेंढाऱ्यांच्या धाडींपासून व्यापारी पेठेचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये अमरावतीचा परकोट बांधायला घेतला गेला. नागपुरी गेट, अंबा गेट, खोलापुरी गेट, महाजनपुरा गेट आणि जवाहर गेट ही दारे, तसेच छत्रपुरी, पटेल, खुनारी आणि माता या खिडक्या आजही आमच्या रोजच्या पत्त्यांत आहेत. रिक्षावाल्याला आम्ही त्याच नावांनी ठिकाण सांगतो. अकोल्यात मोर्णेच्या काठी औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस शहराला आलेला आकार दहिहांडा वेस आणि अगर वेस या नावांत अजून टिकून आहे.

पण वारसा म्हणजे फक्त बुरूज आणि वेशी नव्हेत. अमरावतीत १८९७ मध्ये सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. याच शहरात १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद झाली, आणि अंबादेवी मंदिर प्रवेशाचा लढा देशासमोर आला. १९२३ मध्ये सुरू झालेले किंग एडवर्ड कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि वऱ्हाडातल्या कित्येक पिढ्या तिथे शिकल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात दहिहांड्याच्या खाऱ्या पाण्याच्या विहिरी अकोला जिल्ह्याच्या लढ्याचे ठिकाण बनल्या. १९४७ चा अकोला करार या भागाच्या राजकीय भवितव्याशी जोडलेला आहे. कापसाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या पेढ्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, मेळघाटच्या सागवानाचे खांब असलेले वाडे, ढेलज, माडी, चौक आणि धाब्याची घरे हीही आमची संपत्ती आहे. ज्या सभागृहात माणसांनी माणुसकीचा हक्क मागितला, ते सभागृह आम्ही किल्ल्याइतकेच मोलाचे मानतो.

राखण कुठे कमी पडते

आपल्या देशात वास्तूंची राखण तीन पातळ्यांवर होते. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात. गाविलगड, नरनाळा, अचलपूरचा हौज कटोरा आणि बाळापूरचा किल्ला ही त्यांतली ठळक नावे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. दुसरी पातळी राज्याची. तिच्यासाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे.

तिसरी पातळी शहराची, आणि आमची चळवळ याच पातळीसाठी आहे. शहरातला शंभर वर्षांचा वाडा, जुने वाचनालय, शाळेची दगडी इमारत, कापसाची पेढी, नाट्यगृह किंवा एखादी गल्ली राष्ट्रीय स्मारक होणार नाही आणि तशी गरजही नाही. तिचे भवितव्य महापालिकेच्या नगररचना विभागातील एका बांधकाम परवानगीवर ठरते. वेस कोणत्याही खात्याची असो, तिच्या समोरचा रस्ता, अंगावरचे फलक, विजेच्या तारा, पायथ्याशी साचणारे पाणी आणि शेजारी उठणारा मजला हा शहराच्याच कारभाराचा भाग आहे.

कायद्याने शहरांना यासाठी साधने दिली आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुशिल्पीय महत्त्वाच्या जागांच्या जतनाची तरतूद करता येते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तू आणि वारसा परिसरांच्या जतनाचे नियम आहेत. अमरावती महापालिका १९८३ ची आणि अकोला महापालिका २००१ ची. दोन्ही संस्थांकडे नगररचनेचे अधिकार आहेत. आता हे अधिकार वारशासाठी ठामपणे वापरले गेले पाहिजेत.

समितीचे काम

मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू केली आणि मुंबई वारसा संवर्धन समिती कामाला लागली. वास्तूंची श्रेणी एक, दोन आणि तीन अशी वर्गवारी झाली. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला अत्यावश्यक कामाखेरीज हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचे रूप राखून आत जपून बदल करता येतात. तिसऱ्या श्रेणीत परिसराचे वळण न मोडता अधिक मोकळीक मिळते. समितीत वास्तुविशारद, संरचना अभियंता, इतिहासाचे अभ्यासक आणि पर्यावरणाचे जाणकार असतात. परवानगी देताना आयुक्तांनी समितीचा सल्ला घ्यायचा असतो, आणि अपवाद म्हणून तो डावलायचा असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. त्यामागे कित्येक वर्षांचे हे कागदावरचे, कंटाळवाणे वाटणारे, चिवट काम होते. नागपुरातही वारसा समिती आहे आणि झिरो माईल, कस्तुरचंद पार्क यांसारख्या जागा तिथल्या वारसा यादीत आहेत. वऱ्हाडाने हा मार्ग शेजारच्या शहराकडे पाहून शिकावा.

न्यू यॉर्क शहराने १९६३ मध्ये पेन स्टेशन ही भव्य इमारत पाडू दिली. त्या धक्क्यातून १९६५ चा कायदा आणि अकरा सदस्यांचा वारसा आयोग जन्माला आला. त्या आयोगावर किमान तीन वास्तुविशारद, एक इतिहासकार आणि शहराच्या पाचही विभागांतला प्रत्येकी किमान एक रहिवासी असावा लागतो. सुनावणी सर्वांसमोर होते. ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच इमारत बांधण्याची मागणी आयोगाने नाकारली, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. आमच्यासाठी यातला बोध असा की जुन्या वस्तीत राहणाऱ्या माणसाची खुर्ची समितीत असावी, आणि निर्णय त्याच्या डोळ्यांदेखत व्हावा.

मालकांच्या बाजूने आम्ही

वाड्याचे छप्पर गळत असताना मालकाला संस्कृतीवर प्रवचन देणे हा अन्याय आहे. सागवानी तुळई बदलायला आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी आणायला पैसा लागतो. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या असतात, भाडे जुन्या काळातले असते, वारस पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात. यादीत नाव आले म्हणजे मालमत्ता अडकली, ही भीती खरी आहे, आणि तिला उत्तर दिल्याशिवाय कोणतीही यादी टिकणार नाही.

जतनामुळे मालकाचा बांधकामाचा हक्क कमी होत असेल तर त्याला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याचा मार्ग आहे. मात्र आमच्यासारख्या मध्यम शहरांत केवळ टीडीआरच्या कागदावर घर दुरुस्त होत नाही. म्हणून मालमत्ता करात सवलत, दुरुस्तीसाठी थेट अनुदान आणि विनामूल्य तांत्रिक सल्ला या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या पाहिजेत.

माणसाच्या जिवापुढे कोणतीही भिंत मोठी नाही. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौक परिसरात जुनी इमारत कोसळून पाच जणांचा बळी गेला. ते दुःख स्मरूनच आम्ही म्हणतो की वेळीच केलेली दुरुस्ती हेच खरे संरक्षण आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतींवर कारवाई होते, आणि ती झालीच पाहिजे. पण वारसा यादीतील वास्तूला नोटीस देताना ती पाडण्याआधी सावरता येते का, याची तपासणी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याने केली पाहिजे. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंत पोखरत जाते. अशा दुरुस्तीने वास्तू मरते आणि दोष मात्र तिच्या वयावर जातो.

आमच्या मागण्या

१. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांच्या वारसा यादीचा प्रभागनिहाय आढावा घ्यावा. प्रत्येक नोंदीसोबत छायाचित्र, नकाशा, श्रेणी आणि ती श्रेणी देण्याचे कारण असावे. मसुदा मराठीत प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्यात. सुनावणी त्या त्या वस्तीत घ्यावी.

२. वारसा समितीवर संवर्धन वास्तुविशारद, संरचना अभियंता, इतिहासाचे अभ्यासक आणि जुन्या वस्तीतील रहिवासी असावेत. ज्याचा एखाद्या प्रस्तावात आर्थिक संबंध आहे, त्या सदस्याने त्या चर्चेतून बाहेर राहावे.

३. बैठका ठरलेल्या दिवशी व्हाव्यात. विषयपत्रिका आधी आणि इतिवृत्त नंतर जाहीर व्हावे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ सार्वजनिक संस्थांवर माहिती आपणहून उघड करण्याची जबाबदारी टाकते. वारशाच्या कामात ते काटेकोर पाळावे.

४. आयुक्तांनी समितीचा सल्ला बाजूला ठेवला, तर त्याची लेखी कारणे त्याच आठवड्यात लोकांसमोर ठेवावीत.

५. यादीसाठी विचाराधीन असलेल्या वास्तूला निर्णय होईपर्यंत पाडण्याची परवानगी देऊ नये. हा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, म्हणजे मालकही लटकत राहणार नाही.

६. दोन्ही महापालिकांच्या अंदाजपत्रकात वारसा दुरुस्ती निधीचे स्वतंत्र शीर्ष असावे, आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

७. परकोटाच्या दारांभोवती आणि असदगडाच्या परिसरात फलक, तारा, सांडपाणी आणि नवे बांधकाम यांबाबत एकच परिसर आराखडा करावा. तिथे पोट भरणाऱ्या फेरीवाल्यांना आणि राहणाऱ्या कुटुंबांना चर्चेत सामील करून घ्यावे. पर्यायी जागेशिवाय कोणालाही हलवू नये.

८. अचलपूर, बाळापूर आणि मूर्तिजापूर येथील नगरपरिषदांनाही याच कामासाठी तांत्रिक मदत मिळावी. मूर्तिजापूरहून पूर्वी अचलपूर आणि यवतमाळकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेची जुनी स्थानके आणि सामग्री यांचीही नोंद व्हावी.

९. पाथरवट, सुतार आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी यांची नोंदणी करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये त्यांच्याच हाताखाली तरुणांना हे काम शिकवावे.

आमची बांधिलकी

मंदिर, मशीद, दर्गा, विहार, चर्च, गढी किंवा गिरणी कोणाची आहे हे पाहून आम्ही यादी करणार नाही. वास्तूची मोजदाद तिच्या बांधणीवर आणि तिने पाहिलेल्या इतिहासावर होईल. मालकाच्या संमतीशिवाय आम्ही कोणाच्या घरात शिरणार नाही. ऐकीव माहिती खरी म्हणून नोंदवणार नाही. दगड, दस्त, शिलालेख किंवा जुन्या माणसांची तपासून घेतलेली आठवण यांपैकी काहीतरी आधार असल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही. विकासाला आमचा विरोध नाही. रुंद रस्ता, स्वच्छ पाणी आणि मजबूत घर आम्हालाही हवे आहे. पण दोन्ही गोष्टी साधणारा आराखडा शक्य असताना आळसापोटी पाडापाडीचा सोपा मार्ग निवडला गेला, तर आम्ही त्याला कायदेशीर आणि शांततेच्या मार्गाने विरोध करू.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क ने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य पार पाडण्याची ठिकाणे म्हणजे आपला प्रभाग, आपले नगररचना कार्यालय आणि समितीची बैठक.

म्हणून वऱ्हाडातील प्रत्येक बंधू-भगिनीला आमचे आवाहन आहे. आपल्या गल्लीतील जुन्या वास्तूचे छायाचित्र काढा, तिचे नाव आणि कथा लिहून ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याविषयी विचारा. महापालिकेत जाऊन वारसा यादी मागा. तिच्यात नाव नसेल तर लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. समितीची बैठक कधी आहे ते विचारा, इतिवृत्त मागा. नगरसेवक मत मागायला दारात आले की त्यांना वारसा निधीचा हिशेब विचारा. मालक असाल तर आमच्याशी बोला, तुमच्या अडचणी मागण्यांत घालू. अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे आपली आहेत, त्यांची राखणही आपणच केली पाहिजे. चळवळीत सामील व्हा.